जहाजाआधी जावळ

पळसदरीच्या चंद्राबाईंशी माझी ओळख तांदळामुळे झाली. कर्जतच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान होतं. ते पुतण्याच्या हवाली केलं आणि मी रिकामा झालो. रिकामा माणूस बायकोला घरात नको असतो, त्यामुळे मला कामं सांगितली जातात. पळसदरीला जाऊन चंद्राबाईंकडून तांदूळ आणणं हे त्यातलंच एक. पहिल्या खेपेला मी जरा घासाघीस केली. त्यांनी पोत्याचं तोंड बांधून टाकलं आणि म्हणाल्या, "अप्पा, तुमच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटाचा कवा कोनी भाव केला व्हता का?" तेव्हापासून त्या सांगतील तो भाव मी मुकाट्याने देतो.

त्यांचा नवरा रेल्वेत होता, घाटातल्या रुळांच्या देखभालीवर. तो लवकर गेला. मागे भातशेती, एक मुलगा आणि चंद्राबाईंचं तोंड. या तिघांच्या जोरावर त्यांनी संसार ओढला. पुढे गावच्या धरणावर शनिवार-रविवारची माणसं यायला लागली, तेव्हा त्यांनी ओटीवर जेवणं सुरू केली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सांगून ठेवलं तर गावठी कोंबडी. एकदा कोणा पाहुण्याने पनीर मागितलं, तर त्यांनी त्याला हाताने हायवेवरच्या चौक गावाचा रस्ता दाखवला.

एवढं सगळं चांगलं आहे. त्यांचा खरा गुण किंवा दोष, तुम्हाला वाटेल ते म्हणा, असा की त्या बोलल्या की बोलल्या. शब्द तोंडातून निघाला की तो मागे घ्यायची सोय त्यांच्याकडे नाही. गावातल्या गिरणीवाल्याशी त्यांचं एकदा वाजलं आणि 'हिथं परत दळणार नाय' असं त्या म्हणाल्या. गिरणीवाला घरी येऊन हात जोडून गेला, तरी बाईंचं दळण कर्जतला जात राहिलं. पुढे तो वारला. चंद्राबाई भेटायला गेल्या, त्याच्या बायकोच्या गळ्यात पडून खऱ्या खऱ्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी दळण घेऊन कर्जतच्या रिक्षात बसल्या.

मुलगा मनोज आईसारखा नाही. तो कोणाशीही जमवून घेतो, म्हणून त्याचा धंदा चालतो. चौकला जुन्या हायवेलगत त्याचं रंगाचं दुकान आहे. आजूबाजूला जे बंगले आणि फार्महाउसं उठतायत त्यांच्या भिंती तो रंगवतो, म्हणजे रंग तो विकतो, भिंती दुसरे रंगवतात. त्याची बायको श्रद्धा चौकचीच. बी. कॉम. झालेली, कमी बोलणारी. ती लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं की या घरात हिचा आवाज कोणाला ऐकूच येणार नाही. माझे असे अंदाज बहुतेक चुकतात.

गेल्या फाल्गुनात श्रद्धाला मुलगा झाला, रुद्र. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं, पण त्याच सुमाराला तिची आई आनंदीबाई न्हाणीघरात घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. तेव्हा चंद्राबाईंनी सुनेचं बाळंतपण स्वतःच्या घरी केलं, आणि उत्तम केलं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचं तेलपाणी, कशातही कमी नाही. सुनेला त्या महिन्यात त्यांनी पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही.

गडबड झाली ती बारशाला. त्यांच्या घरी अशी पद्धत आहे की बाळाच्या कमरेला करदोटा मामाने बांधायचा, आणि मग टॉवेल, टोपी, नारळ देऊन मामाचा मान करायचा. श्रद्धाला भाऊ एकच, नागू. चौकलाच असतो, टेंपो चालवतो. त्या दिवशी पलंगावर पडलेल्या आईजवळ बसायला कोणी मिळेपर्यंत त्याला निघता येईना. इकडे मुहूर्त टळायला लागला. चंद्राबाईंनी दोनदा रस्त्याकडे पाहिलं आणि मग शेजारच्या जनाच्या नवऱ्याला बोलावून करदोटा त्याच्या हातून बांधून घेतला. टॉवेल-टोपीही त्यालाच दिली. तो भला माणूस. आपल्याला काय मिळतंय हे त्याला कळलं नाही, पण टोपी डोक्याला बरोबर बसली म्हणून खूश झाला.

नागू पोचला तेव्हा पंगत बसली होती. मीही पंगतीत होतो. त्याच्या हातात बाळंतविड्याची भली मोठी पिशवी होती आणि शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. चंद्राबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "मामा झाला कवाचा! बसा आता जेवायला."

लोक हसले. मला वाटतं, ते हसले नसते तर भागलं असतं. नागूने पिशवी उंबऱ्यावर ठेवली, लांबूनच पाळण्याकडे पाहिलं आणि तसाच खाली अंगणात उतरला. तिथून म्हणाला, "ज्या घरात मामा कुनीबी चालतो, त्या घरात मी मुराळी म्हनून येयाचा नाय."

"आनि मुराळी आल्याबिगर माझी सून माहेराला जायाची नाय," चंद्राबाई हातातला भाताचा डाव तसाच धरून म्हणाल्या.

बाळंतपणानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी जाते ती भाऊ मुराळी होऊन न्यायला आला की, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दोन्ही वाक्यं साऱ्या पंगतीने ऐकली. त्यामुळे ती मागे घेणं दोघांनाही शक्य नव्हतं. मी मठ्ठा पिऊन उठलो आणि बायकोला म्हणालो की संध्याकाळपर्यंत मिटेल.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. गंमत अशी की ही लढाई फक्त पळसदरीत चालू होती. चौकला मनोज आणि नागू रोज एकत्र चहा घेत होते. मनोजच्या रंगाचे डबे नागूच्याच टेंपोतून गिऱ्हाइकाकडे जात होते. मनोज दुपारी सासूबाईंना पावबटर देऊन यायचा, त्यांचं वॉकर धरून चार पावलं चालवायचा. सगळ्यांचं सगळ्यांशी बरं चाललं होतं. फक्त श्रद्धा आणि रुद्र चौकला जात नव्हते, आणि आनंदीबाई नातवाला फोनमध्ये पाहत होत्या. मनोज एकदा बायकोला म्हणाला की चल, मोटरसायकलवर बस, आईला कळायच्या आत जाऊन येऊ. ती म्हणाली, "माझ्या माहेराला चोरून जायाला मी काय चोरी केलीय का?" हे मला मनोजनेच सांगितलं. त्याला दोन्हीकडचं पटत होतं, हीच त्याची अडचण.

दिवाळीच्या आधी मनोजच्या रंगाच्या कंपनीने विक्रीचा आकडा गाठणाऱ्या दुकानदारांना बक्षीस काढलं. क्रूझ. मुंबईहून जहाज निघणार, गोव्याला जाणार, मध्ये एक दिवस नुसता समुद्रात काढणार आणि परत. नवरा-बायकोचा सगळा खर्च कंपनीचा. मी तांदळासाठी गेलो होतो तेव्हा मनोज ओटीवर बसून आईला फोनमधलं चित्र दाखवत होता. चंद्राबाईंनी ते जहाज लांबून आणि जवळून पाहिलं.

"येवढी मानसं घिऊन ते बुडत कसं नाय?" त्या म्हणाल्या. मग लगेच त्यांचा चेहरा खुलला. "जा की दोघं. पोराचं बघायला मी हाय." नातू चार दिवस एकट्या त्यांच्या हाती येणार होता. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलंसुद्धा की त्याला भरवायचं काय, आणि त्याच्या टाळूला तेल किती लावायचं. सून त्यांच्या हिशेबाने फार कमी लावत होती.

श्रद्धा दारात उभी होती. "रुद्रला सोडून मी जायाची नाय," ती म्हणाली. "जायाचं तर तिघांनी."

मनोजने टूरवाल्यांना फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. बाळ सहा महिन्यांच्या वर आहे ना, मग चालेल. दोघांचं तिकीट कंपनी देते, तिसरं माणूस कितीही लहान असलं तरी त्याचं ज्याचं त्याने भरायचं. भाडं नावाला सवलतीचं आहे सर, पण कर पूर्ण लागतात, बंदराचे आकार लागतात, सेवाशुल्क लागतं. खोलीत पाळणा मिळेल. लंगोट बांधलेल्या बाळाला पोहण्याच्या तलावात सोडता येणार नाही. घरचं शिजवलेलं आणू नका, बंद डब्यातलं चालेल. आणि आत्ता सवलतीत भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. सगळं मिळून साडेअकरा हजार.

चंद्राबाईंनी कपाळावर हात मारला. "त्याला बसाया खुर्ची नाय लागत. जेवाया दात नाय. पव्हायला सोडनार नाय म्हनतात. मंग पैसं कसलं रं घेतात?"

"माणूस म्हणून मोजतात, आई," मनोज म्हणाला.

"आजवर कुनी मोजला नाय तो!"

मनोजने श्रद्धाकडे पाहिलं. ती दारातून हलली नाही. त्याने फोनवरच पैसे भरून टाकले. नातू हातचा जातोय, हे चंद्राबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर खोचला आणि जे बोलल्या त्याने पुढचं सगळं घडलं.

"पैसं भर नायतर नको भरू. जावळ काढल्याबिगर आमच्यातलं पोर मोठं पानी वलांडत नाय. तसा नेम हाय आमच्या घरचा."

हा नेम मी तोवर कधी ऐकला नव्हता. मनोजच्या तोंडावरून वाटलं की त्यानेही ऐकला नसावा. त्यांच्या घराण्यात जहाजावर चढलेलं कोणी नाही, तेव्हा तो पाळल्याचं किंवा मोडल्याचं उदाहरण सापडणंही कठीण. पण चंद्राबाईंचा डाव पक्का होता. जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस काढायचे, ते मामाच्या मांडीवर बसवून. मामा येणार नाही. म्हणजे जावळ नाही, म्हणजे जहाज नाही, म्हणजे नातू घरी. मला त्यांचं मनातल्या मनात कौतुक वाटलं.

श्रद्धा दारातून ओटीवर आली. मग म्हणाली, "बरं. मंग जावळ काढू. नववा लागलाच हाय त्याला."

"जावळाला मामा लागतो."

"हाय की. चौकला."

मनोजने आपल्या स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढून पाहिला. म्हणाला, जनाकाकीच्या नवऱ्याला सांगू, तो काही नाही म्हणायचा नाही. श्रद्धा हळूच म्हणाली, "बारशाला चाललं. पन जावळाला दुसऱ्याचा मामा चालत असंल, तर आईंच्या नेमाला अर्थ काय ऱ्हायला? मंग नेमच नको." तिचा आवाज एवढासुद्धा चढला नव्हता. मी पोतं उचललं आणि निघालो. अशा वेळी बाहेरच्या माणसाने थांबू नये, आणि थांबावंसं फार वाटतं.

चंद्राबाई आता आपल्याच शब्दात अडकल्या. नेम खरा म्हणावा तर नागूच्या दारात जायला हवं. नागूकडे जायचं नसेल तर 'मी आपलं बोलून गेले' असं सुनेसमोर म्हणायला हवं. दोन्हीकडे मान खाली घालणं आलंच, फक्त कोणापुढे एवढंच ठरवायचं होतं. मनोज सांगत होता की त्या आठवड्यात भाकऱ्या करपत होत्या, आणि धरणावरच्या एका पाहुण्याने आणखी बिरडं मागितलं तर त्याच्यावर खेकसल्या. श्रद्धा मात्र नेहमीसारखी होती. रुद्रचे लोकरीचे मोजे विणत होती, जहाजावर वारा असतो म्हणून.

मग एका सकाळी मला फोन आला. "अप्पा, गाडी रिकामी हाय का? मला चौकला सोडाल?" मनोज रोज चौकला जातो, त्याच्या मागे बसून जाता आलं असतं. पण मग गावाला कळलं असतं. माझ्या गाडीतून गेल्या तर म्हणता आलं असतं की दवाखान्यात गेल्या होत्या. मी गाडी काढली. त्या नवं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या आणि वाटभर मला गाडी कशी चालवावी ते सांगत राहिल्या. त्यांना स्वतःला सायकलही येत नाही.

नागूचं घर हायवेपासून आत, एका गॅरेजच्या मागे आहे. तो अंगणात टेंपोखाली उताणा पडून काही तरी आवळत होता. बाहेरून फक्त पाय दिसत होते. चंद्राबाई त्या पायांसमोर उभ्या राहिल्या. रस्त्यात त्यांनी काही वाक्यं जुळवली असणार, कारण तोंड उघडून त्यांनी दोनदा मिटलं. शेवटी म्हणाल्या, "तेल गळतंय की रं सगळं."

पाय थांबले. नागू बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "या, मावशी." हसला नाही, पण 'या' म्हणाला.

आत आनंदीबाई खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. शेजारी वॉकर. मोठ्या हाडाची बाई, पण आता अंगातलं बळ गेलेलं. विहिणीला पाहून त्यांनी उठायची धडपड केली, तेव्हा चंद्राबाईंनी पुढे होऊन त्यांना खांद्याला धरून बसवलं. पाण्याचा तांब्या आला. दोघी एकमेकींच्या साड्यांकडे पाहत बसल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, आपण इथे नाही असं दाखवत.

"पोरगं कसं हाय?" आनंदीबाईंनी विचारलं.

"बरं हाय. बसतंय आता. रोज फोनात बगताच की तुमी."

"बगते. फोनात सगलं दिसतं वो, ईनबाई. हसतो, रडतो, जीब काडून दावतो. पन किती जड झालाय, त्ये काय कलत नाय." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चंद्राबाईंना सोपं गेलं असतं, त्यांना टोमण्याचं उत्तर येतं.

चंद्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना गिरणीवाल्याच्या दारात रडताना पाहिलं होतं, पण ते मेलेल्या माणसासाठी होतं. हे रडू त्यांना आवडलं नाही. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पिशवीतून टॉवेल, टोपी, नारळ काढून नागूसमोर धरला. "जावळ हाय रुद्रचं. मामानं यावं म्हनून बोलवाया आले."

नागूने हात पुढे केला नाही. "त्या दिशी आयेला एकलीला टाकून कसा निगलो असतो मी? तुमी इचारलं तरी का, उशीर कशापायी झाला?"

"नाय इचारलं."

"मंग ह्ये हिथं नको मला. दुसऱ्याला जिथं दिलंत, तिथंच द्या. त्याच मानसांम्होरं."

"देईन."

"आनि जनाकाकीचा नवरा पायजे तिथं."

"जेवान आसलं की त्यो आसतोच," चंद्राबाई म्हणाल्या, आणि खाटेवरच्या आनंदीबाईंना हसू फुटलं. मग नागूलाही. चहा झाला. परत येताना चंद्राबाईंनी मला गाडी चालवण्याबद्दल काहीही सांगितलं नाही. फक्त कर्जत आल्यावर म्हणाल्या, "नऊ म्हयने झाले वो, अप्पा." मला त्यांची दयाही आली आणि रागही आला. दोन्ही मनातच ठेवलं.

जावळाला बारशाएवढीच माणसं बोलावली. म्हणजे साडेअकरा हजारांच्या वर आणखी एका अख्ख्या पंगतीचा खर्च पडला, पण त्याबद्दल चंद्राबाई काही बोलल्या नाहीत. नागू यावेळी सगळ्यांच्या आधी आला, टेंपो धुऊन. त्याला पाटावर बसवलं आणि रुद्रला मांडीवर दिलं. रुद्रने आधी मामाच्या मिशीला हात घातला, मग न्हाव्याच्या वस्तऱ्याला. पाणी लावलं तसा त्याने असा सूर काढला की जनाची कोंबडी कुंपणावरून उडाली. नागू त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून 'झालं रं बाला, झालं' म्हणत होता आणि स्वतःच मुसमुसत होता. गोटा झाल्यावर पोर अगदी आनंदीबाईंसारखं दिसायला लागलं.

चंद्राबाई टॉवेल-टोपी घेऊन पुढे आल्या. सगळे गप्प झाले. गाव अशा वेळी गप्प होतं, एरवी कधी नाही. त्या म्हणाल्या, "हा मामा. त्या दिशी मी थांबाया पायजे व्हतं. थांबले नाय. माझं चुकलं." एवढंच. नागूच्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. जनाचा नवरा सगळ्यांत पुढे बसला होता, त्याने मनापासून मान डोलावली. मी चंद्राबाईंकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आयुष्यात शब्द मागे घेतला तो हा पहिला, आणि तो चारचौघांत. मला त्या बाईचा त्या क्षणी मोठा अभिमान वाटला, हे मी उघड सांगतो.

जेवणं उरकली. पानं उचलली जात होती आणि मी सुपारी शोधत ओटीवर फिरत होतो, तेव्हा श्रद्धा आतून बॅग घेऊन आली. कडेवर गोटा केलेला रुद्र, पायांत लोकरीचे मोजे. तिने सासूला वाकून नमस्कार केला.

"आई, मी चौकला जाते. दादा मुराळी म्हनून न्यायाला आलाय."

चंद्राबाईंना आधी नीट कळलं नाही. "आता? आनि जहाज? परवा जहाज हाय ना तुमचं?"

"यांना जाऊ दे की. मला नाय जायाचं."

"अगं, पैसे भरलेत रुद्रचे!" मनोज म्हणाला. "परत नाय मिळायचे."

"म्हाईत हाय मला."

मनोज आ वासून उभा राहिला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तो पुढे एकटाच जाऊन आला. जहाजावरच्या त्याच्या खोलीत पैसे भरल्याप्रमाणे बाळाचा पाळणा मांडून ठेवला होता म्हणे, पांढरीशुभ्र चादर घालून. त्याने त्यात आपले धुतलेले शर्ट ठेवले. पण ते नंतरचं. त्या वेळी तो नुसता बायकोकडे पाहत होता.

चंद्राबाई सुनेकडे पाहत होत्या. हिशेब त्यांच्याही डोक्यात जुळायला लागला होता. "जायाचंच नव्हतं, तर पोराला न्यायाचा येवढा हट्ट कशापायी केलास गं?"

"पोराला नेतो म्हनलं की तुमी काय तरी नेम काढनार, ह्ये म्हाईत व्हतं मला," श्रद्धा म्हणाली. "जावळाचाच काढलात, त्ये बरं झालं."

मला वाटलं आता आभाळ कोसळतं. अंगणातल्या सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. चंद्राबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू ही मुलगी या घरात आजच आली. मग त्या आत गेल्या, तांदूळ, नारळ, खण घेऊन आल्या, तिची ओटी भरली आणि कुंकू लावलं. रुद्रला सुनेच्या कडेवरून घेतलं, थोडा वेळ छातीशी धरला आणि पुन्हा तिच्याकडे दिला. तो जहाजावर जाणार नव्हता आणि घरीही राहणार नव्हता.

नागूने टेंपो सुरू केला. श्रद्धा पुढे त्याच्या शेजारी बसली.

"कवा येशील?" चंद्राबाईंनी विचारलं. सुनेला त्या आजवर अमुक दिवशी ये असं सांगत आल्या होत्या. विचारलं कधी नव्हतं.

"तुमी न्यायाला आलात की."

"मनोज येईल की जहाजावरनं आल्यावर."

"त्ये रोजच येतात तिथं. तुमी या."

चंद्राबाईंनी टेंपोच्या दाराला हात लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग पदर सावरून, खाली बघत, त्या म्हणाल्या, "येईन. पन तुझ्या आयेला आदी इचार. मी आलेली चालंल का त्यांना?"